बाबासाहेबांचा स्वल्पविराम आणि आपला कॉपीराइट

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या पोरांनी ६ डिसेंबरसाठी एक पुस्तिका छापली. बाबासाहेबांच्या एका इंग्रजी निबंधाचे मराठी भाषांतर, ३२ पाने, किंमत १० रुपये. मजकूर एका जुन्या पुस्तकावरून टाइप करून घेतला होता. मुखपृष्ठावर बाबासाहेबांचा फोटो आणि मलपृष्ठावर सगळ्या कार्यकर्त्यांची नावे. प्रूफे मी तपासली होती. ५०० प्रती दोन दिवसांत संपल्या आणि आम्ही सगळे खुशीत होतो.

आठवड्याभराने एक निवृत्त शिक्षक वाचनालयात आले. जयभीम झाला. पिशवीतून त्यांनी एक जीर्ण पुस्तक काढले आणि आतले पान उघडून माझ्यासमोर धरले. भाषांतरकार म्हणून तिथे त्यांचे नाव होते. "पैसे नकोत मला," ते म्हणाले, "पण नाव का काढलंत?" आमच्यातला एक जण घाईने बोलून गेला, "गुरुजी, बाबासाहेबांचा कॉपीराइट तर केव्हाच संपला." गुरुजी हसले. "बाबासाहेबांचा संपला असेल बाळा. माझा कसा संपेल? मी अजून जिवंत आहे." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "आणि शेवटच्या आधीचा परिच्छेद कुठे गेला?"

तो परिच्छेद मीच काढला होता. ३२ पानांत मजकूर बसत नव्हता म्हणून.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. बौद्धिक संपदा म्हटले की आपल्याला वाटते, हा मोठ्या कंपन्यांचा, सिनेमावाल्यांचा आणि औषधांच्या पेटंटचा विषय; आपला काय संबंध? पण बाबासाहेबांच्या लेखनाचाच इतिहास या अंगाने वाचला तर दिसते की शब्दांवरच्या हक्काची लढाई आपल्या चळवळीत पहिल्यापासून आहे. फक्त आपण तिला त्या नावाने ओळखत नाही.

लाहोरचा स्वल्पविराम

१९३६ साल. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. मंडळ सुधारक हिंदूंचे होते. बाबासाहेबांनी भाषण लिहून काढले आणि ते मुंबईत छापायला घेतले. मसुदा वाचल्यावर मंडळातल्या लोकांची चलबिचल सुरू झाली. वेदांचा उल्लेख कशाला? धर्मशास्त्राच्या पायावर घाव कशाला? हिंदू म्हणून हे आपले शेवटचे भाषण, असे जाहीर करायची काय गरज? एवढे भाग वगळले तर अधिवेशन सुरळीत पार पडेल, असा सूर मंडळाच्या पत्रांतून निघू लागला.

बाबासाहेबांनी २७ एप्रिल १९३६ च्या पत्रात त्यांना स्पष्ट कळवले की भाषणातला एक स्वल्पविरामसुद्धा बदलला जाणार नाही आणि आपल्या मजकुरावर कुणाची कात्री आपण चालू देणार नाही. अधिवेशन झाले नाही. अध्यक्षपद गेले, व्यासपीठ गेले, पण भाषण राहिले. ते त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यात घातला, म्हणजे वाचकाने दोन्ही बाजू पाहून स्वतःच ठरवावे. तेच 'अनिहिलेशन ऑफ कास्ट', म्हणजे 'जातिनिर्मूलन'. पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गुजराती आणि तमिळ भाषांतरे लगेच निघाली.

गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या पुस्तिकेवर टीका लिहिली. तिची ८ आणे किंमत जास्त आहे, ती दोन किंवा निदान चार आण्यांवर आणावी, असेही सुचवले. पुढच्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केले, ते लक्षात घेण्यासारखे आहे. गांधीजींचे लेख त्यांनी परिशिष्टात लेखकाच्या नावासह छापले आणि त्यापुढे आपले उत्तर दिले. सोयीची दोन वाक्ये उचलून त्यांची खिल्ली उडवता आली असती. पण जो माणूस स्वतःचा स्वल्पविराम हलू देत नाही, तो दुसऱ्याचाही हलवत नाही.

त्या वेळी देशात १९१४ चा कॉपीराइट कायदा होता. तो ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला होता आणि त्याचे लक्ष पुस्तकाच्या नकलेवर आणि पैशावर होते. आपल्या मजकुराची मोडतोड होऊ न देण्याचा लेखकाचा हक्क त्यात कलम म्हणून लिहिलेला नव्हता. लाहोरला बाबासाहेब कोणत्या कायद्याच्या आधाराने बोलत नव्हते. पुढे कायद्यात आलेला हक्क ते आधीच बजावत होते.

हक्काच्या दोन बाजू

आता थोडे कायद्याकडे वळू. घाबरू नका, विषय वाटतो तितका अवघड नाही.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्राच्या यादीत ४९ व्या क्रमांकावर पेटंट, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क हे विषय आहेत. त्यानुसार संसदेने १९५७ साली कॉपीराइट कायदा केला. तो ४ जून १९५७ चा, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर सहा महिन्यांनी आलेला. २१ जानेवारी १९५८ पासून तो लागू झाला.

या कायद्यात लेखकाच्या हक्काच्या दोन बाजू आहेत. पहिली आर्थिक. पुस्तक कोण छापणार, भाषांतर कोण करणार, विकणार कोण, यासाठी परवानगी देण्याचा हक्क. हा हक्क विकता येतो, वारसांकडे जातो आणि ठरावीक वर्षांनी संपतो. मूळ कायद्यात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने मुदत ६० वर्षे झाली.

दुसरी बाजू नैतिक हक्काची. ती कलम ५७ मध्ये आहे. ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा हक्क आणि माझ्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड, काटछाट किंवा फेरफार रोखण्याचा हक्क. आर्थिक हक्क विकून टाकला तरी हा लेखकाकडेच राहतो. लेखकानंतर त्याचे कायदेशीर प्रतिनिधी तो बजावू शकतात. २०१२ च्या दुरुस्तीने या कलमातली मुदतीची अट काढून टाकली. म्हणजे छापण्याचा हक्क सर्वांना खुला झाला तरी मोडतोड करण्याची मोकळीक कुणालाच मिळत नाही.

आपली गफलत इथेच होते. कॉपीराइट म्हणजे फक्त पहिली बाजू, असे आपण धरून चालतो. 'मुदत संपली, आता काहीही करा' असे म्हणून मोकळे होतो. लाहोरचे भांडण मात्र सगळे दुसऱ्या बाजूचे होते.

छापखाना कुणाचा

हक्क कागदावर असून भागत नाही. मजकूर छापून लोकांपर्यंत जावा लागतो आणि त्यासाठी साधने लागतात. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, हे आपल्याला माहीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली तेव्हा ते पत्र उभे राहिले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले, तेव्हा त्याचा बहुतेक मजकूर बाबासाहेब एकटेच लिहीत. पुढे 'जनता' आले, स्वतःचा भारतभूषण छापखाना आला, त्याचेच नंतर बुद्धभूषण झाले. आपले शब्द दुसऱ्याच्या दारात अडून राहू नयेत, यासाठी ही सगळी धडपड होती.

आयुष्याच्या अखेरीसही ती संपलेली नव्हती. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या छपाईला सुमारे २०,००० रुपये खर्च होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून विनंती केली की बुद्धजयंतीच्या २,५०० व्या वर्षानिमित्त सरकारने या ग्रंथाच्या सुमारे ५०० प्रती घ्याव्यात, म्हणजे त्या ग्रंथालयांना आणि पाहुण्यांना देता येतील. नेहरूंचे उत्तर आले की प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे. ज्या माणसाने देशाची घटना घडवली, त्याला आपल्या ग्रंथाच्या ५०० प्रतींसाठी असे पत्र लिहावे लागले!

५ डिसेंबरच्या रात्री या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद बाबासाहेबांच्या उशाशी होते. ग्रंथ १९५७ साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे निघाला, पण त्यांनी लिहिलेली प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत आली नाही. त्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नी सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांचे ऋण मानले होते. ती वाचकांसमोर आली १९८० साली, भगवान दास यांनी त्यांच्या दुर्मीळ प्रस्तावना एकत्र प्रसिद्ध केल्या तेव्हा. स्वल्पविरामाचा प्रश्न बाबासाहेबांबरोबर संपला नव्हता, हे यातून कळते.

पेट्यांत बंद झालेले शब्द

बाबासाहेब गेले तेव्हा त्यांच्या अप्रकाशित हस्तलिखितांचा मोठा साठा मागे राहिला. हे कागद दिल्ली उच्च न्यायालयाच्या कस्टोडियनच्या ताब्यात गेले; पुढे महाराष्ट्र शासनाच्या महाप्रशासकांकडे, म्हणजे ज्या अधिकाऱ्याला इंग्रजीत ॲडमिनिस्ट्रेटर जनरल म्हणतात त्यांच्याकडे आले. कायद्याच्या दृष्टीने ती मृताची मालमत्ता होती. आपल्यासाठी तो आपला विचार होता, आणि तो लोखंडी पेट्यांत कुलूपबंद होता.

सगळेच कागद पेट्यांपर्यंत पोचले असेही नाही. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की जानेवारी १९६७ मध्ये २६, अलीपूर रोडच्या घरातल्या खोल्या माईसाहेबांच्या गैरहजेरीत रिकाम्या केल्या गेल्या, कागदपत्रे अंगणात टाकली गेली आणि त्यावर पाऊस पडला. त्या पावसात काय भिजून गेले, याची यादी आता कुणीच देऊ शकणार नाही.

नागपूरचे वकील जे. बी. बनसोड न्यायालयात गेले. मागणी साधी होती: हे लेखन मला प्रसिद्ध करू द्या, नाहीतर ज्या सरकारने ते ताब्यात ठेवले आहे त्याला ते प्रसिद्ध करायला सांगा. माझ्या मते आपल्या चळवळीतला बौद्धिक संपदेचा हा पहिल्या काही खटल्यांपैकी एक मानला पाहिजे. बनसोडांनी स्वतःसाठी काही मागितले नव्हते. वाचकाचा हक्क मागितला होता.

१९७६ साली महाराष्ट्र शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. वारसांनी संमती दिली. संपादनाची जबाबदारी वसंत मून यांच्यावर आली. नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या या माणसाने महसूल खात्यातली नोकरी सांभाळत आधीपासून बाबासाहेबांचे लेखन गोळा करायला घेतले होते. १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड आला. पेट्या उघडल्यावर मून यांच्या पुढ्यात आले ते अर्धवट प्रकरणे, टंकलिखित पानांचे गठ्ठे आणि बाबासाहेबांच्या हातच्या दुरुस्त्या. कोणते पान कोणत्या पानानंतर, हे लावण्यातच त्यांची वर्षे गेली. २००२ साली त्यांचे निधन झाले. आज आपण ज्या खंडांतून बिनधास्त अवतरणे देतो, त्यांच्या प्रत्येक पानामागे हे काम आहे.

रिडल्स: काटछाटीविरुद्ध मोर्चा

१९८७ साली चौथा खंड आला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टाने वादळ उठले. शिवसेना आणि मराठा महासंघ यांनी विरोध केला. अमरावतीत प्रती जाळल्या गेल्या. सरकारने ते परिशिष्ट वगळण्याची तयारी दाखवली.

पुन्हा लाहोरचाच प्रसंग! एवढा भाग काढा, बाकी राहू द्या. फरक इतकाच की या वेळी उत्तर द्यायला बाबासाहेब नव्हते. उत्तर समाजाने दिले. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. खेड्यापाड्यांतून लोक आले. त्यातल्या कितीतरी जणांनी तो इंग्रजी खंड उघडलाही नसेल; अनेकांना वाचताच येत नव्हते. तरी ते आले, कारण मागणी कुणालाही कळेल अशी होती: बाबासाहेबांनी लिहिले ते लिहिले तसेच छापा. अखेर परिशिष्ट खंडात राहिले आणि या मजकुराशी शासन सहमत नाही, अशी टीप त्याला जोडली गेली.

त्या टिपेबद्दल आजही आपल्यात नाराजी आहे. मला मात्र ती तडजोड म्हणून पटते. असहमत असण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, शासनालाही. कात्री चालवण्याचा नाही. टीप लावा, टीका लिहा, दहा पुस्तके काढून खोडून काढा. मूळ मजकुराला हात लावू नका. बाबासाहेबांनी गांधीजींच्या लेखांशी असेच वागून दाखवले होते.

कलम ५७ शासनालाही बांधते, हे पुढे दुसऱ्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली भिंतीवरून काढले आणि त्याची मोडतोड झाली. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरी २००५ साली न्यायालयाने ते शिल्पकाराला परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. वस्तूची मालकी आणि निर्मात्याचा मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निकालाने पक्के केले. १९८८ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या आपल्या आयाबापांची मागणीही याच तत्त्वावर उभी होती.

२०१७ चा अर्धा सत्य हिशेब

आता आमच्या वाचनालयातल्या पोराचे वाक्य तपासू: बाबासाहेबांचा कॉपीराइट संपला. हे अर्धेच खरे आहे.

ज्या कृती लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या, त्यांची मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षे. बाबासाहेब १९५६ साली गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत. १ जानेवारी २०१७ पासून 'जातिनिर्मूलन', 'हू वेअर द शूद्राज', 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' अशी पुस्तके सर्वांसाठी खुली झाली.

पण जे लेखन लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झाले, त्यासाठी कलम २४ वेगळे आहे. तिथे ६० वर्षे मोजायची ती प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ चा, म्हणून त्याची मुदत २०१७ अखेर संपली. 'रिडल्स' १९८७ चे, म्हणून त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत. तिसऱ्या खंडातले 'क्रांती आणि प्रतिक्रांती'चे लेखनही १९८७ चेच. पाचव्या खंडातले अस्पृश्यांवरचे लेखन १९८९ चे, म्हणजे २०४९. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली छापले, म्हणजे २०५०.

म्हणजे पेट्यांतून उशिरा बाहेर आलेले शब्द कायद्याच्या कुंपणातही उशिरापर्यंत राहणार आहेत. सरकारने आणि न्यायालयाने मिळून जे लेखन वीस-पंचवीस वर्षे अडवून ठेवले, त्या अडवणुकीची मुदत वाचकाच्या वाट्याला पुन्हा मोजून आली. जे लोक आज 'रिडल्स' छापून जत्रेत आणि जयंतीला विकतात, त्यांनी हे समजून घेतले पाहिजे. खंडांच्या आतल्या पानावर कॉपीराइटच्या जागी शासनाच्या शिक्षण विभागाच्या सचिवांचा उल्लेख असतो. मूळ लेखनाच्या हक्काचा प्रश्न वारसांशी जोडलेला आहे. परवानगी मागायला लाज कसली? पत्र लिहा, पोच घ्या, मग छापा.

आणि परवानगी देणाऱ्यानेच छापले नाही तर? हा प्रश्न कल्पनेतला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घेतली. बातमी अशी होती की शासनाने खंडांच्या ९ लाख प्रती छापायचे ठरवले, सुमारे ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला आणि प्रत्यक्षात छापल्या ३३,००० प्रती. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर शासकीय ग्रंथांच्या स्टॉलपुढची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या रांगेतला माणूस रोजंदारी बुडवून आलेला असतो.

कायद्यात यावर उपाय आहे. एखाद्या प्रसिद्ध कृतीचा हक्कदार ती पुन्हा छापायला किंवा छापू द्यायला नकार देत असेल आणि त्यामुळे ती लोकांना मिळत नसेल, तर कलम ३१ खाली सक्तीच्या परवान्यासाठी न्यायालयाकडे जाता येते. अप्रकाशित लेखनासाठी कलम ३१ अ आहे. देशहितासाठी आवश्यक वाटल्यास केंद्र सरकार मृत लेखकाच्या वारसांना ठरावीक मुदतीत लेखन प्रसिद्ध करायला सांगू शकते. आपले वकील अनेक प्रश्नांवर लढतात. या दोन कलमांचाही अभ्यास त्यांनी करावा, अशी माझी विनंती आहे.

'विचार सर्वांचा' म्हणणाऱ्यांना

इथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. विचार ही काय खासगी मालमत्ता आहे? बुद्धाने धम्म सर्वांना दिला, त्यावर कुठे कॉपीराइट घेतला? मग आपण कशाला मालकीच्या भाषेत बोलायचे?

आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे. ज्ञानावर कुलूप घालून बसणाऱ्या व्यवस्थेने आपल्याला हजारो वर्षे बाहेर ठेवले. नवे कुलूप आपण घालू नये. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपीच्या खटल्यात २०१६ साली न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठीच्या नकलांना मोकळीक दिली आणि कॉपीराइट हा काही निसर्गदत्त हक्क नाही, हेही सांगितले. महागडी पुस्तके घेऊ न शकणाऱ्या आपल्या मुलांसाठी तो निकाल मोलाचा आहे. कायदाही विचारावर मालकी देत नाही. विचार ज्या शब्दांत मांडला त्या मांडणीवर देतो. अभ्यास, टीका, परीक्षण यांसाठी उतारे घ्यायला तो मनाई करत नाही. म्हणून पुस्तके स्वस्त करा, वाटा, वाचून दाखवा. यात माझे दुमत नाही.

पण नाव पुसणे म्हणजे विचार मोकळा करणे नव्हे. जातिव्यवस्थेने आपले श्रम घेतले तसे श्रमामागचे डोकेही घेतले. कातडे कमावायची रीत, वाद्याला शाई लावायची रीत, दोरखंड वळायची रीत, जात्यावर जोडलेली ओवी, तमाशातला वग, हे सगळे 'परंपरा' झाले. परंपरेला निर्माता नसतो. बुद्धी वरच्यांची आणि हात खालच्यांचे, असा तो हिशेब होता. बाबासाहेबांनी जातीत केवळ कामांचे नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचेच तुकडे पाडलेले दाखवून दिले, ते यासाठीच. ज्या समाजाला कधी 'हे मी केले' असे म्हणू दिले गेले नाही, त्या समाजात निर्मात्याचे नाव छापणे ही मालकीची हाव नाही, ती माणूसपणाची नोंद आहे.

आणि हे नाव पुसण्याचे काम आता आपणही करू लागलो आहोत. भीमगीत गाणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत येते. लिहिणारा कवी कोण, हे निवेदकालाही माहीत नसते. वामनदादा कर्डकांची किती गाणी त्यांच्या नावाशिवाय फिरत असतील! व्हॉट्सॲपवर रोज बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये येतात आणि आपण ती जयभीम म्हणून पुढे ढकलतो. वाक्य कितीही गोड असले तरी ते त्यांचे नसेल, तर तीही मोडतोडच. उद्या विरोधक खोटे अवतरण घेऊन समोर आला, तर त्याला कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

आपण काय करू शकतो

कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. मजकूर लिहिला की हक्क निर्माण होतो. नोंदणी केली तर वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. आपल्या कवींनी, शाहिरांनी, आत्मकथा लिहिणाऱ्या बायांनी मजकुरावर तारीख घालावी, एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. प्रकाशकाला हक्क देताना लेखी करार करावा. तोंडी बोलण्याला कायदा हस्तांतर मानत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, हे लक्षात ठेवावे. २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमातल्या आणि ध्वनिमुद्रित गाण्यांच्या गीतकारांना मानधनातला वाटा सोडता न येणारा हक्क म्हणून दिला आहे. कोऱ्या कागदावर सही करण्यापूर्वी हे माहीत असू द्यावे.

मंडळांनी पुस्तिका काढताना चार गोष्टी छापाव्यात: मूळ लेखक, मूळ प्रकाशनाचे वर्ष, भाषांतरकार आणि मजकूर कोणत्या आवृत्तीवरून घेतला ते. भाषांतर ही स्वतंत्र कृती आहे आणि तिच्यावर भाषांतरकाराचा वेगळा हक्क असतो. काही वगळले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. अवतरण पाठवण्यापूर्वी खंड आणि पान शोधावे. सापडले नाही तर पाठवू नये. मजकुराची मोडतोड झाली तर कलम ५७ खाली न्यायालयात जाण्याचा हक्क वारसांचा आहे, आपला नाही. पण मूळ प्रत ताडून पाहण्याचे काम आपल्याला कुणी अडवलेले नाही.

गुरुजींचे काय झाले, ते सांगून थांबते. पुढच्या वर्षी आम्ही तीच पुस्तिका पुन्हा छापली. या वेळी त्यांच्याकडे जाऊन परवानगी घेतली. त्यांनी जुने भाषांतर स्वतः तपासले, दोन जागी शब्द बदलले. ३२ ऐवजी ३६ पाने झाली आणि किंमत १२ रुपये. पहिल्या पानावर बाबासाहेबांच्या नावाखाली त्यांचे नाव आले. मी काढलेला परिच्छेद जागेवर आला. छापखान्यातून पहिली प्रत घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी आधी ते पान काढले आणि परिच्छेदावरून बोट फिरवत सगळा वाचला. मग म्हणाले, "स्वल्पविराम एक राहिलाय."

खरेच राहिला होता. तिसऱ्या आवृत्तीत घालू.

जयभीम!